पंचाचुली संध्याकाळी बघायची असते

प्रिय लीडरबाई,

तुझा प्लॅन मिळाला. एक्सेलमध्ये सगळं झकास बसवलंयस. काठगोदामला उतरायचं, त्याच दिवशी गाडीने मुनस्यारी, दुसऱ्या दिवशी गावावरच्या खलिया टॉपच्या वाटेवर तंबू, तिसऱ्या दिवशी टॉप करून खाली, चौथ्या दिवशी पहाटे परतीची गाडी. चौदा जण, दोन लीडर, जेवणाचा हिशोब चोख. क्लबच्या मीटिंगमध्ये हा कागद कुणीही हरकत न घेता पास करेल. मी घेणार आहे, म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू ‘हो काका, हो काका’ म्हणून मोकळी झाली असतीस.

हरकत एकच आहे. ह्या चार दिवसांत मुनस्यारी कुठे आहे गं? तुझ्या तक्त्यात ती फक्त पाठ टेकायची आणि गाडी लागायची जागा आहे.

मीही हेच केलं होतं. ९३ सालची गोष्ट. तेव्हा ते गाव उत्तर प्रदेशात होतं, उत्तराखंड व्हायला अजून सात वर्षं होती. आम्ही रात्री पोचलो आणि सकाळी डोळे चोळत थेट वर निघालो. आमच्यात एक बावीस वर्षांचा गडी होता, राजगड ते तोरणा ताक पिऊन यावं तसा मारणारा. संध्याकाळी तो डोकं धरून बसला आणि ओकायला लागला. मला वाटलं, दुपारचा भात बाधला. लिंबू-सरबत दिलं आणि झोप म्हटलं. दहा वाजता तो तंबूची चेन उघडायला गेला आणि त्याला चेन सापडेना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टॉर्चच्या प्रकाशात, दोघांच्या खांद्यावर, त्याला खाली आणला. पहाटे बाजारातल्या एका चहावाल्याच्या बाकावर बसून तो बिस्किटं मागत होता. त्याला काहीही झालं नव्हतं, फक्त उंची लागली होती, आणि ती माझ्या घाईने लावली होती.

पुणं साडेपाचशे मीटरवर, मुनस्यारी साधारण २,२०० मीटरवर आणि खलिया साडेतीन हजारांवर. तीन हजारांच्या पुढे झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, हे तू कोर्समध्ये शिकली आहेसच. पण तक्ता करताना माणूस कोर्स विसरतो आणि सुट्ट्या मोजतो. तेव्हा गावात पूर्ण दोन दिवस ठेव, आणि मगच वर जा. तब्येतीचं कारण मीटिंगमध्ये सांगायला पुरेल. खरं कारण पुढे लिहितो.

आधी रस्ता. काठगोदामहून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि गाडीला दहा-बारा तास लागतात. हे आकडे बघून मुलं म्हणतील, रात्री निघू, झोपेत पोचू. अजिबात नाही. ड्रायव्हरला दाज्यू म्हणायचं, म्हणजे दादा, आणि दाज्यूला अंधारात घाट चढायला लावायचा नाही. शक्य असेल तर चौकोडीला मुक्काम कर. थल मागे टाकलं की बिर्थीचा धबधबा लागतो, तिथे चहा. मग वळणं सुरू होतात ती कालामुनीपर्यंत. कालामुनीला देवीचं देऊळ आहे, घंटाच घंटा बांधलेल्या. तिथे सगळ्यांना खाली उतरव, कारण पलीकडच्या बाजूला पंचाचुली पहिल्यांदा समोर येते आणि गाडीच्या काचेतून ती बघणं म्हणजे लग्नात नुसता आहेर देऊन परत येणं.

पंचाचुली म्हणजे पाच शिखरं. पांडवांनी स्वर्गाच्या वाटेवर शेवटचा स्वयंपाक ह्या पाच चुलींवर केला, अशी कथा. दिल्लीच्या पर्यटकांना गाईड ‘चुली माने चूल्हा’ असं समजावून सांगतो. आपल्या पोरांना ते समजवावं लागणार नाही. सगळ्यात उंच आहे पंचाचुली दोन, ६,९०४ मीटर. आणि आता एक गोष्ट लिहून ठेव, जी मला तिसऱ्या खेपेला कळली. आपल्याला सनराइज पॉइंटची सवय. महाबळेश्वरला पाच वाजता उठून कानटोपी घालून जायचं. मुनस्यारीत शिखरं पूर्वेला आहेत. पहाटे उठलीस तर सूर्य त्यांच्या पाठीमागून येतो आणि समोर नुसती काळी कडा दिसते. संध्याकाळी मात्र मावळतीचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडतं. आधी पिवळं, मग तांबूस, आणि शेवटची दोन-तीन मिनिटं दरी पूर्ण अंधारात असताना वर पाच निखारे. चुली पेटल्यात हे तेव्हा पटतं. त्यासाठी चार वाजता नंदादेवीच्या देवळापाशी जाऊन बसायचं. मोबाइल बाहेर येतीलच, येऊ देत, पण बोलणं बंद ठेव.

आता गावाबद्दल. तिथले लोक म्हणतात, ‘सार संसार, एक मुनस्यार’. सगळा संसार एका पारड्यात आणि मुनस्यारी दुसऱ्यात. आपण पुणेकरांनी ह्यावर हसू नये, आपलंही तेच असतं. पण त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. आज तुला तो रस्त्याच्या शेवटचा एक बाजार दिसेल: जीपचा अड्डा, लोकरीची दुकानं, मोमो, मोबाइलची रिचार्ज. १९६२ च्या आधी हे गाव रस्त्याच्या शेवटी नव्हतं, मधे होतं. खाली कुमाऊंची मैदानं आणि वर तिबेट, ह्यांच्या मधोमध. गोरी नदीच्या काठाकाठाने वर जाणारं जोहार खोरं, त्यातली बुर्फू, मर्तोली, मिलम ही गावं, तिथून उंटाधुरासारख्या पाच हजार मीटरच्या पुढच्या खिंडी, आणि पलीकडे ग्यानिमाचा बाजार. हा व्यापार करणारे लोक म्हणजे जोहारचे शौका. खालून धान्य, गूळ, कापड न्यायचं आणि वरून मीठ, लोकर, सवागी (टाकणखार) आणायची. माल वाहायला शेळ्या-मेंढ्या. एकेका जनावराच्या पाठीवर दोन बाजूंना लोकरीच्या छोट्या पिशव्या, मिळून दहा किलोच्या आसपास. मेंढी चरत चरत चालते, तिचा चारा वाटेवरच असतो, आणि पलीकडे पोचल्यावर तिची लोकरही विकता येते. ह्याहून स्वस्त वाहतूक मला तरी माहीत नाही.

तुला नाणेघाट पाठ आहे. वरचा दगडी रांजण आपण नवख्या पोरांना जकातीचा म्हणून दाखवतो. तिथे कोकणातलं मीठ घाट चढून वर यायचं. इथे मीठ हिमालय ओलांडून खाली यायचं, तिबेटच्या खाऱ्या तळ्यांचं. पुढे रेल्वेने समुद्राचं स्वस्त मीठ पहाडाच्या पायथ्याशी आणून टाकलं आणि तिबेटी मिठाचा भाव पडला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या मिठागरांनी ह्या लोकांच्या धंद्याला थोडी कात्री लावली होती, युद्धाच्या कितीतरी आधी.

व्यापार कसा चालायचा, हे मला तिथल्या एका म्हाताऱ्याने अंगणात बसून सांगितलं. प्रत्येक शौका व्यापाऱ्याचा पलीकडे एक ठरलेला तिबेटी जोडीदार असायचा. त्याला ‘मित्र’च म्हणत. मैत्री ठरली की एक दगड फोडायचा, अर्धा त्याच्याकडे, अर्धा ह्याच्याकडे. पुढे मुलगा किंवा नोकर माल घेऊन गेला तर त्याने अर्धा दगड दाखवायचा, दोन्ही तुकडे जुळले की व्यवहार. सही नाही, शिक्का नाही. हे सांगताना त्याने समोरचे दोन अक्रोड उचलले, फोडले, आणि एकाचं कवच दुसऱ्याला लावून दाखवलं. बसलं नाही. मग त्याच अक्रोडाचे दोन भाग जुळवले, ते टक्‌ करून बसले. माझ्या हातात ते कवच देऊन म्हणाला, आता तू ये.

१९६२ च्या युद्धानंतर खिंडी बंद झाल्या आणि पलीकडचा अर्धा दगड पलीकडेच राहिला. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली, अशी दोन-तीन ठिकाणी घरं असलेले लोक. त्यांची वरची गावं हळूहळू ओस पडली. मिलममध्ये एके काळी शेकडो घरं नांदती होती. मर्तोलीत मी कोरीव चौकटी उभ्या पाहिल्यात, दार नाही, छप्पर नाही, आत गुडघाभर खाजकुयलीसारखी झुडपं (त्यांना ते बिच्छू घास म्हणतात, हात लावू देऊ नकोस कुणाला). पण म्हणून ‘भुताटकीचं गाव’ असल्या रील्स मुलांना करू देऊ नकोस. उन्हाळ्यात त्यातली काही कुटुंबं अजूनही वर जातात, बटाटा आणि फाफर (कुट्टू) लावतात, देवाचं करतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. १९६७ मध्ये ह्या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पोरं शिकली, बरीच सरकारी नोकऱ्यांत गेली, मोठ्या हुद्द्यांवर पोचली. घर पडलं म्हणजे माणूस पडला असं नसतं.

हे सगळं एका छोट्याशा घरात बघायला मिळतं. शेरसिंह पांगती नावाचे एक शिक्षक होते, त्यांनी आयुष्यभर वस्तू गोळा करून नानसेनला संग्रहालय उभं केलं. मेंढ्यांच्या पिशव्या, लाकडाची भांडी, जुने नकाशे, चहा घुसळायचा लांब दंडा. चौदा जणांना एकदम आत कोंबू नकोस, सात-सातचे दोन गट कर.

आणि मग नैनसिंह. हा माणूस तुझ्या मुलांना कळला तर सहलीचे पैसे वसूल. १८३० मध्ये जोहारमध्ये जन्मला. मिलमच्या शाळेत मास्तर होता, म्हणून पंडित. ब्रिटिशांना तिबेटचा नकाशा हवा होता आणि गोऱ्या माणसाला आत जाता येत नव्हतं. सर्व्हे खात्याने १८६३ पासून त्याला डेहराडूनला तयार केलं: चढ असो, उतार असो, पाऊल ठरावीक मापाचंच पडलं पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. काठमांडूहून निघून १८६६ च्या जानेवारीत तो ल्हासाला पोचला, मोजत मोजत. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

हे सांगून थांबू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना मदकोटच्या रस्त्याने दरकोटपर्यंत चालव. प्रत्येकाच्या हातात शंभर गाठींचा दोरा दे, पुण्यातूनच करून ने. बोलायचं नाही, शंभर पावलांना एक गाठ. दरकोटला पोचल्यावर प्रत्येकाने आपला आकडा कागदावर लिहायचा, दुसऱ्याला न दाखवता. मी हे केलंय. माझी मोजणी पहिल्याच किलोमीटरच्या आत चुकली. समोरून जीप आली, दाज्यूने हॉर्न दिला, मी कडेला झालो, आणि सातशे की आठशे, गेलं डोक्यातून. तो माणूस हे महिनोन्‌महिने करत होता, वेषांतर करून, पकडला गेलो तर काय ह्या भीतीसकट. आमच्यातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाचा आकडा आणि एका दहावीतल्या मुलीचा आकडा ह्यांत दीड हजारांचा फरक आला, आणि ती मुलगी बरोबर होती.

दरकोटला मागावर बायका शाली विणतात. बघायला परवानगी मागायची, बायकांना दीदी, म्हातारीला आमा. शालीचा भाव करायचाच असेल तर आधी पाच मिनिटं तिचे हात बघायचे आणि मग तोंड उघडायचं. बहुतेक जण मग उघडत नाहीत.

नैनसिंहाची अजून एक गोष्ट तुझ्या स्वयंपाकाच्या तक्त्याशी जोडलेली आहे. तो उंची कशी काढायचा? पाणी उकळून. वर जाल तसं पाणी कमी तापमानाला उकळतं, तीनशे मीटरला अंदाजे एक अंश. चहाचं भांडं आणि थर्मामीटर, झाली उंची. आता तुझ्या यादीत खलियाच्या कॅम्पवर ‘राजमा-चावल’ लिहिलंय. साडेतीन हजारांवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळायला लागतं. उघड्या पातेल्यात राजमा रात्रभर उकळलास तरी तो खडे खाल्ल्यासारखा लागेल. एक तर कुकर वर ने, नाही तर खिचडी कर मुगाची. राजमा गावातच खा. मुनस्यारीच्या राजम्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो पंजाबी ढाब्यावरच्या लाल रश्श्याचा भाऊ नाही. त्याला जंबूची फोडणी लागते. जंबू म्हणजे वरच्या कुरणातली कांद्याच्या जातीची पात, वाळवलेली. मुलांपैकी कुणी नाक मुरडलं तर त्याला सांग की गहत म्हणजे आपले कुळीथ आणि मडुवा म्हणजे आपली नाचणी. आजीने वाढलं की नको असतं आणि दोन हजार किलोमीटरवर ‘ऑथेंटिक’ होतं.

राहायचं हॉटेलात नाही, सरमोलीत. बाजारापासून जवळच. तिथल्या बायकांनी वीस वर्षांपासून घरं पाहुण्यांना उघडली आहेत. २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने सरमोलीला देशातलं सर्वोत्तम पर्यटन गाव ठरवलं, त्यामुळे आधी कळवावं लागतं. चौदा जणांना एका घरात जागा मिळणार नाही, चार-पाच घरांत विखुरतील. तुला ते गैरसोयीचं वाटेल. वाटू दे. ज्या घरात तीनच पाहुणे असतात तिथे चुलीजवळ बसायला मिळतं.

आणि आजूबाजूच्या जंगलात जाताना लक्षात ठेव, ते बेवारशी जंगल नाही. कुमाऊंच्या लोकांनी १९२१ मध्ये इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्ध रान पेटवलं होतं, अक्षरशः. त्यातून पुढे १९३१ मध्ये वनपंचायतीचे नियम आले. गवत कधी कापायचं, लाकूड किती न्यायचं, हे गाव ठरवतं. तू शेकोटीसाठी पडलेली फांदी उचललीस तरी ती कुणाच्या तरी हिशोबातली असते. म्हणून शेकोटी नाही. कुडकुडले तर कुडकुडू देत, बटाट्याच्या पराठ्याने ऊब येते.

बाकीचं भराभर. रोख पैसे हल्द्वानीतच काढून घे. ऑक्टोबरात खलियावर रात्री पाणी बाटलीत गोठू शकतं, बाटल्या स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. खलियाची वाट बलातीच्या वळणावरून सुटते, भुजानीपर्यंत बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि खर्सूचं (ओकचं) रान, मग एकदम बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण. बुग्यालावर रांगेने चालायचं, पसरायचं नाही, ती माती शेकडो वर्षांची आहे. मोनाल पक्षी दिसला तर त्याच्या मागे धावायचं नाही. कुणी विचारेल की मे-जूनमध्ये का नाही येत, तर सांग, तेव्हा निम्मं गाव किडाजडी, म्हणजे अळीवर उगवणारी औषधी बुरशी, शोधायला वरच्या कुरणांत पोटावर सरपटत असतं. पाहुण्यांपेक्षा ती जास्त पैसे देते, आणि ते त्यांनी ठरवायचं आहे.

तुझ्या मेलच्या शेवटी होतं, ‘पुढच्या वर्षी नंदादेवी ईस्ट बेस कॅम्प?’ जरूर. त्यासाठी एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) कार्यालयातून परवाना लागतो, आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) चौक्यांवर नोंद लागते. पण त्याआधी ह्या वर्षी बाजारात उभी राहून एवढं आठव की १९३९ मध्ये पोलंडच्या लोकांनी ते शिखर पहिल्यांदा चढलं आणि लगेच पुढे तिरसुलीवर त्यांच्यातले दोघे हिमप्रपातात गेले. २०१९ च्या मेमध्ये ह्याच गावातून निघालेल्या तुकडीतले आठ जण परत आले नाहीत. त्यांच्यातले काही तुझ्या-माझ्यापेक्षा शंभर पटींनी जाणते होते. घाबरवत नाही. तुझ्या तक्त्यात ‘समिट डे’ आहे, ‘माघारीचा दिवस’ नाही, तो रकाना घाल.

पार्सलमध्ये एक डबा पाठवलाय, स्टीलचा, झाकणावर खिळ्याने ठोकून माझं आडनाव घातलंय तो. त्यात कोकमं आहेत, रत्नागिरीची, ह्या मे महिन्यातली. सरमोलीत ज्या आमाकडे मी उतरतो तिला द्यायचा. पत्ता वेगळा लिहून देतो. तिला बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा कोकम दिलं तेव्हा तिने एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि मला मारायला धावली. आता गहतच्या डाळीत घालते आणि शेजारच्या घरांना मोजून दोन-दोन देते.

ती डबा रिकामा करून धुऊन ठेवेल आणि तुम्ही निघायच्या सकाळी परत देईल. आत राजमा असेल आणि वर जंबूची पुडी. पैसे काढू नकोस, तिला राग येतो. डबा मात्र विसरू नकोस. मागच्या वेळी एकाने विसरला, तर तिने जीपमधून चार जणांच्या हातून तो काठगोदामपर्यंत पोचवला होता.

तुझा,
काका

ता. क. दोऱ्याला गाठी मारायला रविवारी सगळ्यांना माझ्याकडेच बोलाव. चौदाशे गाठी आहेत, एकटी मारत बसलीस तर बोटं दुखतील.